तो वात आणि ती वात

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे. बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी धरली. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या बैठकीत मला विषयपत्रिका मोठ्याने वाचायला सांगितली. शेवटच्या ओळीत पाच वाजता ‘वाइंड अप’ करायचं असं लिहिलेलं होतं, मी ‘विंड अप’ वाचलं. समोरचा एक तरुण सहकारी फिसकन हसला आणि म्हणाला, “मॅडम, वारा वर जाणार का?” घरी येऊन शब्दकोश उघडला, तर चार अक्षरांचा हा शब्द दोनदा दिलेला आणि खाली अर्थांची ही रांग. वारा, दम, पोटातला गॅस, कुणकुण, किल्ली देणं, गुंडाळणं, कंपनी बंद करणं. शाळेत आम्हाला ‘विंड म्हणजे वारा’ एवढंच शिकवलं होतं. आता या वयात हे सगळं पाठ कसं करायचं? आणि त्या मुलाला काय उत्तर द्यायचं?
– वाऱ्यावर सुटलेली एक वाचक

उत्तर: पाठ काहीही करायचं नाही, हे आधी सांगून टाकते. शब्दकोशाने तो शब्द दोनदा दिला, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग तेवढं एक, बाकी नातं ना गोतं. हा प्रकार आपल्याला नवा नाही. ‘आजीला वात आहे’ आणि ‘आजी वात वळतेय’ ही वाक्यं ऐकून कुठल्याही मराठी माणसाचा गोंधळ उडत नाही. तो वात म्हणजे वायू. ती वात म्हणजे कापूस पिळून केलेली, दिव्यातली. गंमत अशी की इंग्रजीतली जोडी हुबेहूब हीच आहे. एक शब्द वाऱ्याचा, दुसरा वळण्या-पिळण्याचा. वाऱ्याचा उच्चार ‘विंड’, वळण्याचा ‘वाइंड’. बैठकीत तुमच्या समोर ती वात होती, तुम्ही तो वात वाचलात. झालं ते एवढंच.

यातला तो वात तर आपल्या भाऊबंदांपैकी निघतो. संस्कृत ‘वात’, लॅटिन ‘व्हेंटुस’ आणि इंग्रजी ‘विंड’ हे तिन्ही शब्द वाहणं, फुंकणं अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूची लेकरं आहेत. संस्कृतात तो धातू ‘वा’. त्यातून वायू आला आणि निर्वाणही आलं, दिवा फुंकर बसून विझावा तसं. लॅटिनच्या बाजूने व्हेंटिलेटर आला. दुसरा ‘वाइंड’ मात्र वेगळ्या घरचा. जुन्या इंग्रजीत ‘विंडान’ म्हणजे वळणं, पिळणं. याच घरातलं एक क्रियापद ‘वेंड’. त्याचा भूतकाळ होता ‘वेंट’, तो पुढे ‘गो’ने उचलून नेला. ‘गो’चा भूतकाळ असा तऱ्हेवाईक का, हे कोडं शाळेत ज्यांना पडलं असेल, त्यांना एवढ्या वर्षांनी उत्तर मिळालं.

उच्चाराबद्दल फार ओशाळू नका. इंग्रजांचाही यात बराच काळ घोळ होता. १८ व्या शतकापर्यंत वाऱ्याचा उच्चारसुद्धा ‘वाइंड’ असाच होत असे. पुढे ‘विंडमिल’, ‘विंडी’ अशा शब्दांतला आखूड उच्चार मूळ शब्दाला चिकटला आणि तोच रूढ झाला. कवींनी त्यानंतरही वाऱ्याचं यमक ‘माइंड’ आणि ‘बिहाइंड’शी जुळवणं सोडलं नाही. त्यामुळे जुनी इंग्रजी कविता वाचताना वारा मधेच ‘वाइंड’ झालेला दिसला, तर छपाईची चूक समजू नका.

आता तुमची फजिती जिच्यामुळे झाली, ती वात. खरं तर हा शब्द तुम्हाला पूर्वीपासून येतो. पाण्याची मोटर जळली की आपण काय म्हणतो? ‘वायंडिंग गेलं.’ तांब्याची तार फेऱ्या देत गुंडाळायची, ते वायंडिंग. तिथे कुणी ‘विंडिंग’ म्हणत नाही. शब्दाचं सगळं पोट त्या मोटरीत आहे: काहीतरी वळतंय, फेरे घेतंय, गुंडाळलं जातंय. रस्ता डोंगरातून वळणं घेत गेला की तो ‘वाइंडिंग रोड’. लोकर गुंडाळली, दोरा रिळावर चढवला, गाडीची काच हँडल फिरवून वर केली, तरी क्रिया हीच.

‘वाइंड अप’ला मराठीत इतक्या जवळचे प्रयोग आहेत की मला दर वेळी नवल वाटतं. जुन्या घड्याळाला चावी द्यायची, ते वाइंड अप. स्प्रिंग आवळत जाते आणि मग घड्याळ चालतं. यावरूनच ब्रिटिश बोलण्यात एखाद्याला मुद्दाम डिवचणं, चिडवून तापवणं याला ‘वाइंड अप’ म्हणतात. आपण काय म्हणतो? ‘त्याला कुणीतरी चावी दिलीय.’ किल्लीचं खेळणं दोन्हीकडे तेच. दुसरा अर्थ आवरतं घेण्याचा. पसरलेलं गुंडाळून बांधलं की काम संपलं. बैठक वाइंड अप करायची म्हणजे आवरती घ्यायची. कंपनी वाइंड अप झाली म्हणजे तिने, चक्क, गाशा गुंडाळला. कायद्याच्या भाषेतही कंपनी रीतसर गुंडाळण्याला ‘वाइंडिंग अप’ हाच शब्द आहे. तिसरा अर्थ ‘फिरत फिरत शेवटी कुठेतरी जाऊन पोचणं’. निघाला होता डॉक्टर व्हायला आणि ‘वाउंड अप’ नाटकात, म्हणजे अखेर नाटकात जाऊन पडला. यात ठरवलेलं काही नसतं, हे ध्यानात ठेवा. ठरवून गाठलेल्या मुक्कामाला हा शब्द लावला की वाक्य विचित्र वाटतं.

आवळलेलं सैल करायचं, तर ‘अनवाइंड’. दिवसभराचा ताण उतरवत पाय पसरून बसणं म्हणजे अनवाइंड होणं. हळूहळू थंडावत जाणं म्हणजे ‘वाइंड डाउन’. भूतकाळ सगळीकडे ‘वाउंड’. तो कागदावर जखमेच्या ‘वूंड’सारखाच दिसतो, अक्षर न् अक्षर. त्याच्याकडे शेवटी येते, कारण तुमच्या सहकाऱ्यासाठी तो उपयोगी आहे.

तो वात जरा पसरट आहे. शब्दकोशातली लांबलचक यादी बहुतेक त्याचीच. त्याच्यापुढे मी एकच प्रश्न विचारते: हा वारा कुणाचा? आभाळाचा, छातीचा, पोटाचा, जनावराच्या नाकाचा की शिडाचा? एवढं ठरलं की अर्थ आपोआप पदरात पडतो.

आभाळाच्या वाऱ्याशी आपलं पटतं, पण सोबतच्या शब्दांत पाय घसरतो. जोराच्या वाऱ्याला इंग्रजीत ‘स्ट्राँग’ किंवा ‘हाय’ म्हणतात. ‘फास्ट विंड’ किंवा ‘बिग विंड’ कानाला खटकतं. जोराचा पाऊस ‘हेवी’ असतो, वाऱ्याला सहसा ‘हेवी’ लावत नाहीत. वारा सुटला याला ‘द विंड गॉट अप’ आणि वारा पडला याला ‘द विंड ड्रॉप्ड’. मराठीत वारा पडतो तसाच इंग्रजीतही पडतो, हे मला फार आवडतं. मात्र ‘पंख्याचा वारा’ तसाच्या तसा ‘फॅन्स विंड’ म्हणून नेऊ नका. पंख्यापुढे इंग्रज माणूस ‘एअर’ किंवा ‘ब्रीझ’ म्हणेल. आणि आपल्या ‘हवा’ शब्दात तर तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत. टायरमधली हवा ‘एअर’, ‘आज हवा छान आहे’ यातली ‘वेदर’, आणि ‘खिडकी उघड, हवा येऊ दे’ यातली थोडी एअर, थोडी ब्रीझ. या तिसरीला विंड म्हणालात, तर ऐकणारा कागद सावरायला धावेल.

‘ब्रीझ’वरून आठवलं. शब्दकोश सांगतो ब्रीझ म्हणजे झुळूक, आणि रोजच्या बोलण्यात ते बरोबरही आहे. पण १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याची श्रेणी आखली. आज वापरात असलेल्या तिच्या ० ते १२ अशा रूपात २ पासून ६ पर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांना ब्रीझच म्हणतात. दोनवर चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात. सहावर तो ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वाहतो, छत्री हातात ठरत नाही, तरी नाव ‘स्ट्राँग ब्रीझ’. समुद्रावरच्या हवामानाच्या इशाऱ्यात हा शब्द आला आणि कुणी ‘जोरदार झुळूक’ असं भाषांतर केलं, तर होडी घेऊन निघणाऱ्याचं काय होईल, विचार करा. आठवर ‘गेल’ येतो, ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. बारावर ताशी ११८ पासून पुढे ‘हरिकेन’. बोफर्ट यांच्या मूळ नोंदीत वेगाचे आकडे नव्हते. इतक्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडं झेपतील, यावरून ते वारा ओळखत.

दिशेचं मराठीसारखंच आहे. वारा जिकडून येतो, त्या दिशेचं नाव घेतो. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, तसाच ‘वेस्ट विंड’ पश्चिमेकडून. समुद्रातल्या प्रवाहाचं उलट असतं, तो जिकडे चालला ती दिशा सांगतात.

छातीतला वारा म्हणजे दम. ‘सेकंड विंड’ हा धावणाऱ्यांचा शब्द. जीव घाईला येतो, आता थांबावंच असं वाटतं, आणि अचानक श्वास लयीत येतो, पाय हलके होतात. पोटात चेंडू बसून श्वास अडकला, तर तो खेळाडू ‘विंडेड’. इथे भूतकाळ ‘वाउंड’ करायचा नाही, कारण हा वाऱ्याचा शब्द आहे. वाद्यवृंदातली ‘विंड इन्स्ट्रुमेंट्स’ याच छातीवर चालतात. आपण त्यांना सुषिर वाद्यं म्हणतो. सुषिर म्हणजे पोकळ, भोकं असलेलं. त्यांनी फुंकणाऱ्याची फुंकर पाहिली, आपण बासरीची भोकं. आणि जो एका दमात लांबच लांब बोलतो, थांबतच नाही, तो ‘लाँग-विंडेड’. आपण म्हणू पाल्हाळिक. पोकळ बडबड्याला ते ‘विंडबॅग’ म्हणतात, वाऱ्याची पिशवी. मराठीत बडबडीची वाफ होते, म्हणून आपण तोंडची वाफ दवडतो.

पोटातला वारा सभ्य मंडळीत टाळतात, पण मला टाळता येणार नाही, कारण तिथे माझीच फजिती झालेली आहे. फार वर्षांपूर्वी तान्ह्या बाळांच्या संगोपनावरची एक ब्रिटिश पुस्तिका मी मराठीत करत होते. प्रत्येक वेळी दूध पाजून झालं की पुढची सूचना होती ‘विंड द बेबी’. मी ‘वाइंड’ वाचलं. वायंडिंग डोक्यात पक्कं होतं ना! लिहिलं, ‘दर वेळी दूध पाजल्यावर बाळाला नीट गुंडाळा.’ टाइप केलं, तपासलं, पाठवूनही दिलं. मजकूर एका अनुभवी परिचारिकेकडे गेला होता. तिने त्या ओळीखाली पेन्सिलने लिहून पाठवलं, ‘गुंडाळायचं नंतर. आधी ढेकर काढा.’ ब्रिटिश इंग्रजीत बाळाला ‘विंड’ करणं म्हणजे पाठ थोपटून ढेकर काढणं. अमेरिकन माणूस तिथे ‘बर्प’ म्हणतो. पोटाला धरलेल्या गॅसलाही ब्रिटिश ‘विंड’ म्हणतात, अमेरिकन ‘गॅस’. आणि ‘ब्रेक विंड’ म्हणजे वारा सरणं. तुम्ही बैठकीत वाचलंत, मी छापायला दिलं होतं.

जनावराच्या नाकाचा वारा एकाच वाक्प्रचारापुरता आहे, पण तो रोजच्या वापरातला. ‘गेट विंड ऑफ’ म्हणजे कुणकुण लागणं, सुगावा लागणं. हरणाच्या दिशेने वारा वाहत असला की शिकाऱ्याचा वास त्याच्या नाकापर्यंत पोचतो आणि ते उधळतं. म्हणून शिकारी वारा तोंडावर घेऊन पुढे सरकतो. ऑफिसात बढतीची बातमी फुटली की लोकांना ‘विंड’ लागतो. आपणही बजावतोच, ‘याचा कुणाला वारासुद्धा लागू देऊ नका.’ एक बारकावा सांभाळा. हा शब्द आडून कळलेल्या गोष्टीसाठी आहे. साहेबांनी स्वतः पत्र देऊन कळवलेल्या गोष्टीचा विंड लागत नाही.

शिडाच्या वाऱ्यावर इंग्रजीचं निम्मं भांडार भरलंय, कारण ती भाषा बोलणारे शेकडो वर्षं शिडाच्या जहाजांवर जगले. ‘टेक द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स’ घ्या. दुसरं जहाज वाऱ्याच्या बाजूने अगदी जवळून गेलं की आपल्या शिडांचा वारा अडतो आणि ती लुळी पडतात. कुणी आवेशाने भांडायला आला आणि आपण पहिल्याच वाक्यात चूक कबूल केली, की त्याचं तेच होतं. आपण ‘हवा काढून घेतली’ म्हणतो, पण आपली हवा टायरची. शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. जितकं तोंडाशी तोंड भिडवाल, तितका धोका. म्हणून नियमांच्या अगदी काठावरून चालणारा माणूस ‘सेलिंग क्लोज टू द विंड’. ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे झिंगलेला. यातल्या ‘शीट्स’च्या तीन चादरी करू नका. नाविकांच्या बोलीत शीट म्हणजे शिडाला ताणून धरणारा दोर. ते दोर सुटले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. ‘ट्रेड विंड्स’मधला ‘ट्रेड’ही असाच चकवा. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘व्यापारी वारे’ वाचलं, पण मध्ययुगीन इंग्रजीत ट्रेड म्हणजे वाट, ठरलेला मार्ग. ठरलेल्या वाटेने सतत वाहणारे, म्हणून ते नाव. व्यापार नंतर आला. हल्ली कंपन्यांच्या अहवालांत ‘हेडविंड्स’ आणि ‘टेलविंड्स’ फार दिसतात. पहिले तोंडावर येणारे, म्हणजे अडचणी. दुसरे पाठीशी असलेले, म्हणजे अनुकूल परिस्थिती. तुमच्या नव्या नोकरीत हे दोन लवकरच भेटतील.

उरलेले भराभर सांगते. ‘विंडफॉल’ म्हणजे वाऱ्याने आपोआप खाली पडलेलं फळ, त्यावरून अचानक मिळालेलं घबाड. तेल कंपन्यांना जगातल्या उलथापालथीमुळे आयता नफा झाला की सरकार लावतं तो ‘विंडफॉल टॅक्स’ इथूनच आला. ‘विंड ऑफ चेंज’ गाजला तो ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या ३ फेब्रुवारी १९६० च्या केपटाउनमधल्या भाषणामुळे. त्यांनी एकवचन वापरलं होतं, लोकांच्या तोंडी ‘विंड्स’ झालं. मराठीत बदलाचे ‘वारे’ अनेकवचनीच वाहतात. ‘सोलर विंड’मध्ये हवा अजिबात नाही, तो सूर्याकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने सुटणाऱ्या विद्युतभारित कणांचा झोत. ‘इट्स अ‍ॅन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड’ या म्हणीचा अर्थ बरेच जण उलटा घेतात. ती म्हणते, कुणाचंच भलं न करणारा वारा फारच वाईट असला पाहिजे, म्हणजे एरवी वाईटातही कुणाचं तरी भलं होतंच.

आणि ‘विंडो’. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘विंडआउगा’, वाऱ्याचा डोळा. काचा नव्हत्या तेव्हा भिंतीतल्या भोकातून वारा यायचा आणि बाहेर पाहताही यायचं. संस्कृतने याच गोष्टीला दोन नावं दिली. वातायन, वाऱ्याची वाट. गवाक्ष, बैलाचा डोळा. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, खिडकीत वारा आणि डोळाच पाहून बसल्या. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

सरावाचं म्हणाल, तर शब्द दिसला की क्षणभर थांबा आणि मनात मराठीत विचारा, तो वात की ती वात? मागेपुढे ‘अप’, ‘डाउन’, ‘राउंड’ असलं, शब्द क्रियापदाच्या जागी असला, तर बहुतेक वेळा ती वात, म्हणजे ‘वाइंड’. नाम असला, किंवा ‘द’ मागे आणि पुढे काही वाहत असलं, तर तो वात. बाळ आणि विंडेड खेळाडू हे दोन अपवाद तेवढे लक्षात ठेवा, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

राहिला तो मुलगा. ‘वारा वर जाणार का?’ ही कोटी वाईट नाही, पण कोटी करणाऱ्याला तिची परतफेड घ्यावी लागते. पुढच्या बैठकीपूर्वी एका कागदावर इंग्रजीत हे वाक्य लिहा आणि त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा: ‘द नर्स वाउंड अ बँडेज राउंड द वूंड, बट द विंड अनवाउंड इट.’ नर्सने जखमेवर पट्टी गुंडाळली, पण वाऱ्याने ती सोडली, असा साधा अर्थ आहे. मी देवनागरीत लिहिलंय म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय. त्याच्या कागदावर पट्टी गुंडाळणं आणि जखम यांचं स्पेलिंग एकच असेल. अडखळला, तर मला कळवायला विसरू नका.